पंखा फिरतोय, पण वारा कुठे आहे?

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली गोष्ट. रहिमतपूरहून औंधकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत कोंबड्यांची एक बंदिस्त शेड आहे. दुपारी दीडच्या सुमारास तिथल्या तरुण मालकाचा फोन आला. "काका, लाईट हाय, सगळं पंखं चालू हायत. तरी कोंबड्या चोची उघडून धापा टाकायला लागल्यात. काय सुधरत न्हाय. जरा येता का?"

मी आयुष्यभर कारखान्यात फिटरकी केली. निवृत्तीनंतर गावात असतो आणि कुणाची मोटर, कुणाचा पंप, कुणाचा पंखा बघायला जातो. हातातले जेवण तसेच ठेवून मोटारसायकल काढली. शेडवर पोचलो तेव्हा त्याचे म्हणणे खरेच होते. एका टोकाच्या भिंतीत सहा मोठे पंखे, माणसाच्या छातीपेक्षा उंच पात्यांचे, आणि सहाही फिरत होते. शेडच्या बाहेर जाऊन एकेका पंख्यासमोर उभा राहिलो. तीन पंख्यांचा वारा अंगावर आपटत होता, शर्ट फडफडत होता. उरलेल्या तिघांसमोर उभे राहिले तर उदबत्तीचा धूरसुद्धा जेमतेम हलला असता. हवेत रबर जळल्याचा मंद वास होता.

माझ्याजवळ फेरे मोजायचे छोटे यंत्र असते, टॅकोमीटर. पुलीवर चमकती चिकटपट्टी लावायची आणि लांबून प्रकाश टाकून मिनिटाला किती फेरे होतात ते वाचायचे. चांगल्या तिघांचे फेरे 440 च्या आसपास होते. बाकीच्या तिघांचे 360. आता 440 म्हणजे सेकंदाला सात फेऱ्यांहून थोडे जास्त आणि 360 म्हणजे सहा. हा फरक डोळ्याला दिसत नाही. पाती दोन्हीकडे सारखीच धूसर दिसतात. म्हणून पोरगा सांगत होता ते खोटे नव्हते, पंखे चालूच होते. त्यांचे पट्टे सैल होऊन पुलीवर घसरत होते एवढेच.

एकेक पंखा बंद करून तिन्ही पट्टे ताणून दिले. प्रत्येकी दहा-बारा मिनिटांचे काम. तोवर दीडएकशे पक्षी गेले होते. संध्याकाळी मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरताना तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पण काका, पंखा तर फिरत हुता की!" आज मला बोलायचे आहे ते या वाक्यावरच.

पट्ट्यावर चालणारे हे पंखे आपल्या भागात तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहेत. कोंबड्यांच्या शेडवर आहेत, फुलांच्या पॉलिहाऊसवर आहेत. सांगली, कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत धूळ ओढणारे ब्लोअर आहेत. सूतगिरण्यांत आहेत. महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलात भटारखान्याचा धूर छपरावर नेणारा जो पत्र्याचा मोठा डबा गुरगुरत असतो, त्याच्या आतही बहुधा पट्ट्यावरचाच पंखा असतो. माझ्या पिढीच्या लोकांना जुनी सिनेमा थिएटरे आठवत असतील. दारावर 'एअर कूल्ड' अशी पाटी असायची. आत वातानुकूलन वगैरे काही नसे. मागच्या खोलीत एक भलामोठा ब्लोअर ओल्या वाळ्याच्या ताट्यांतून हवा ओढून आत ढकलायचा. पट्टा तुटला की तिसऱ्या अंकाऐवजी प्रेक्षकांचाच आरडाओरडा ऐकू यायचा.

घरातल्या छताच्या पंख्याला पट्टा नसतो, मग यांना का? कारण साधे आहे. पंखा जितका मोठा तितका तो सावकाश फिरवावा लागतो, नाही तर आवाज फार होतो, वीज फार लागते आणि पात्यांवर ताण येतो. आपली नेहमीची विजेची मोटर मात्र मिनिटाला सुमारे 1400 फेरे घेते. तिच्या तोंडावर चार इंची पुली लावायची, पंख्याला तेरा इंची लावायची आणि दोन्हींवर पट्टा चढवायचा. मोटरचे सव्वातीन फेरे झाले की पंख्याचा एक होतो. पुली बदलली की वेग बदलतो. पात्यात काही अडकले तर पट्टा घसरतो, मोटर वाचते. शिवाय मोटर हवेच्या झोतातून बाजूला ठेवता येते, म्हणजे गरम धूर, तेलकट वाफ किंवा धूळ तिच्यात शिरत नाही. स्वस्त आणि सोयीची युक्ती आहे. तिची किंमत एवढीच की या जोडीतला एक भाग रबराचा आहे आणि रबर झिजते, ताणते, म्हातारे होते.

पंख्याने हवा ओढायची कल्पना तशी फार जुनी. 1556 मध्ये छापलेल्या अ‍ॅग्रिकोला नावाच्या जर्मन पंडिताच्या खाणविद्येच्या ग्रंथात खाणीत हवा खेळवणाऱ्या पंख्यांची चित्रे आहेत. लाकडी पिंपात लाकडी पाती, फिरवायला माणूस नाही तर वारा. पुढे वाफेचे इंजिन आले आणि एकाच इंजिनावर सबंध कारखाना चालू लागला. छताखाली लांबच लांब दांडा, त्यावर ओळीने चाके आणि प्रत्येक चाकावरून खाली यंत्राकडे उतरलेला चामड्याचा सपाट पट्टा. रहिमतपूर स्टेशनवर मिरजेकडची गाडी धरली की वाटेत किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानच्या त्या माळावर कारखाना उभा केला, तो जमाना याच पट्ट्यांचा. गावोगावच्या पिठाच्या गिरण्यांत आणि गुऱ्हाळाच्या चरकावर सपाट पट्टा आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. सातारा रोडच्या कूपर कारखान्याचे ऑइल इंजिन फटफट करायचे आणि तो पट्टा लपालप करत धावायचा.

आजच्या पंख्यांवर असतो तो मात्र सपाट पट्टा नव्हे. त्याला व्ही-बेल्ट म्हणतात. 1917 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी तो काढला असे सांगतात. याचा छेद वर रुंद, खाली निमुळता असतो आणि पुलीला तशीच खाच असते. लाकूड फोडताना पाचर ठोकली की ती दोन्ही बाजूंनी गच्च धरते, तसा हा पट्टा खाचेच्या दोन भिंतींत पाचरीसारखा बसतो. त्याची पकड या दोन बाजूंवर आहे, बुडावर नाही. ही एक गोष्ट ध्यानात राहिली तर पुढची निम्मी दुरुस्ती आपोआप कळते.

उदाहरण देतो. पिठाच्या गिरणीत पट्टा घसरू लागला की गिरणीवाला त्याच्यावर राळ टाकायचा. सपाट पट्ट्याला ते चालून जायचे. हीच सवय आपल्या लोकांनी व्ही-बेल्टलाही लावली. राळ टाकतात, साबण चोळतात, एका महाभागाने तर गुळाचे पाणी लावलेले मी पाहिले. थोडा वेळ पकड येते, मग त्यावर धूळ बसते, खाचेची भिंत घासते आणि पट्टा पहिल्यापेक्षा जास्त घसरतो. तेल तर मुळीच नको. तेलाने रबर फुगते, मऊ पडते. घसरणाऱ्या व्ही-बेल्टवर औषध फक्त दोनच, ताण नीट करणे किंवा पट्टा बदलणे.

कधी कधी दोष पट्ट्यात नसून पुलीत असतो. नवा पट्टा पुलीच्या काठाशी साधारण समपातळीत बसला पाहिजे. तो आत खोल गेलेला दिसला आणि खाचेचे बूड आरशासारखे चकाकत असेल, तर भिंती झिजल्या आहेत आणि पट्टा बुडाला टेकतो आहे. पाचर सैल पडली. अशा पुलीवर तुम्ही कितीही महागाचा पट्टा चढवा, तो घसरणारच. आणि हिशेब बघा. मोटरची चार इंची पुली म्हणजे साधारण 100 मिलिमीटर. झिजल्यामुळे पट्टा दोन्ही अंगांनी तीन-तीन मिलिमीटर आत बसला तर पुली 94 ची झाल्यासारखी होते. न घसरतासुद्धा पंख्याचा वेग शंभराला सहाने उतरला. पट्टे दर वर्षी बदलणारे पुष्कळ आहेत, पण पुलीची खाच बोटाने चाचपणारा विरळा.

आता वेग थोडा उतरला तर एवढे काय बिघडते, असे कुणी विचारील. इथे पंख्याचे एक गणित सांगावे लागते. घाबरू नका, तीनच ओळींचे आहे. वेग जितका बदलेल तितकीच हवा बदलते. दाब मात्र वेगाच्या वर्गाने बदलतो. आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. सायकलवाल्याला हे पायाने कळते. उलट्या वाऱ्यात थोडे जोरात जायचे म्हटले तरी दम किती पटींनी लागतो!

त्या शेडवर हे गणित कसे लागू पडले ते पाहा. 440 चे 360 झाले म्हणजे वेग शंभराचा ब्याऐंशी झाला. मग दाब झाला ब्याऐंशीचा वर्ग, म्हणजे शंभराचा सदुसष्ट. जेमतेम दोन-तृतीयांश. बंदिस्त शेडमध्ये सगळे पंखे मिळून आतली हवा बाहेर खेचतात, त्यामुळे आत दाब थोडा कमी असतो. त्या ओढीविरुद्ध प्रत्येक पंख्याला हवा बाहेर ढकलावी लागते. ज्याचा जोर कमी पडला त्याच्यातून हवा बाहेर जाणे जवळजवळ थांबते आणि शेजारचे सशक्त पंखे त्याच्याच भोकातून उलटी हवा आत खेचू पाहतात. रस्सीखेचीत तिघे ढिले पडले की उरलेले तिघे कितीही ओढोत, तशातली गत. तेव्हा तीन पंखे थोडे सावकाश झाले एवढाच मामला नव्हता. ते जवळपास नसल्यातच जमा होते.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचे तापमान मुळातच 41 अंशांच्या आसपास. बाहेर उन्हाळ्यात हवा चाळिशीला टेकली की धापा टाकणे आणि अंगावरून वाहणारा वारा, एवढेच दोन आधार तिला उरतात. त्यातला वारा आपण काढून घेतला.

याच गणिताची दुसरी बाजूही सांगतो, कारण तिच्यात पैसे जातात. एका ओळखीच्या शेतकऱ्याने विचार केला की उन्हाळ्यात वारा वाढवायचा तर मोटरची चार इंची पुली काढून पाच इंची लावू. लावली. वेग सव्वापट झाला, वारा खरोखरच वाढला, गडी खूश. पण शक्ती लागते ती सव्वाच्या घनाने, म्हणजे 1.25 गुणिले 1.25 गुणिले 1.25. उत्तर येते जवळजवळ दोन. दीड हॉर्सपॉवरच्या मोटरवर त्याने तीन हॉर्सपॉवरचा बोजा टाकला होता. चौथ्या दिवशी मोटर जळाली. पुली बदलायची असेल तर अगोदर मोटर किती अँपिअर घेते ते वायरमनकडून चिमटा मीटरने मोजून घ्यावे आणि मोटरच्या पाटीवरच्या आकड्याशी ताडून पाहावे.

आता प्रत्यक्ष देखभाल. पण त्याआधी एक दुखरी आठवण सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मी नोकरीत होतो तेव्हा आमच्या खात्यात एक फार कसबी फिटर होता. एके दिवशी ब्लोअरचा पट्टा पुलीवरून उतरला. खटका बंद केला, पंखा थांबला, आणि हा हाताने पुली फिरवत पट्टा पुन्हा खाचेत बसवू लागला. विजेचा काही संबंध नव्हता. त्याच नळीवर दुसरा ब्लोअर चालू होता, त्याच्या ओढीने थांबलेले चाक आपोआप फिरले. अर्धाच फेरा. पट्टा आणि पुली यांच्यामध्ये उजव्या हाताची दोन बोटे सापडली. ती पुन्हा जोडता आली नाहीत. तो माणूस पुढे पंधरा वर्षे स्टोअरमध्ये नोंदी लिहीत होता, तेही डाव्या हाताने.

म्हणून मी कुठेही गेलो की आधी फ्यूज काढून खिशात घालतो किंवा मेन स्विचला कुलूप लावून किल्ली जवळ ठेवतो. नुसता खटका बंद करून भागत नाही. आजकालच्या शेडमध्ये पंखे तापमान पाहून आपोआप सुरू होतात. तुम्ही हात घातलेला असताना आतले तापमान अर्ध्या अंशाने वाढले तर त्या यंत्राला तुमचा हात दिसत नाही. वीज तोडल्यावरही पाते लाकडाच्या ठोकळ्याने किंवा दोरीने अडकवून ठेवायचे, वाऱ्याने फिरू नये म्हणून. पट्ट्यावरची जाळी काम झाल्याबरोबर परत बसवायची. "जाळी लावली की पट्टा बघायला तरास हुतो," असे मला पुष्कळांनी ऐकवले आहे. साडीचा पदर, गळ्यातले उपरणे, सैल बाही यांना पट्टा कसा गिळतो हे पिठाच्या गिरण्यांनी आपल्या कितीतरी घरांना शिकवले आहे. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 21 व्या कलमाने फिरत्या यंत्राला आडोसा आणि 22 व्या कलमाने चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याला अंगाबरोबरचे कपडे सक्तीचे केले होते. त्या कायद्याची जागा आता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या संहितेने घेतली आहे. शेतातल्या शेडवर मात्र इन्स्पेक्टर सहसा येत नाही. तिथे मालकच इन्स्पेक्टर.

पट्ट्याचा ताण बघायची रीत सोपी आहे. दोन पुलींच्या मधोमध पट्ट्यावर अंगठ्याने बेताने दाबा. दोन पुलींमधला पट्टा एक मीटर लांब असेल तर तो साधारण 16 मिलिमीटर दबावा, 60 सेंटिमीटर असेल तर सुमारे दहा. यापेक्षा जास्त दबला तर सैल. तंबोऱ्याच्या तारेसारखा टणटण वाजू लागला तर फाजील ताणलेला, आणि ते सैल पट्ट्याइतकेच वाईट, कारण तो सगळा ओढा बेअरिंगवर येतो. पट्टा काही शे रुपयांचा, पण बेअरिंग आणि शाफ्ट गेला तर हिशेब हजारांत. चालू करताना क्षणभर 'चीं' आवाज आला तर चालेल. तो चालूच राहिला तर पट्टा घसरतो आहे. पंखा बंद करून, फ्यूज काढून पुलीला हात लावून पाहा. कोमट असावी. चटका बसला तर समजा की विजेच्या पैशातून आपण रबर तापवतो आहोत. चांगला बसवलेला व्ही-बेल्ट मोटरच्या शक्तीपैकी शंभरातले पंचाण्णव ते अठ्ठ्याण्णव भाग पंख्यापर्यंत पोचवतो. दुर्लक्ष झाले की त्यातले आणखी पाचएक भाग वाटेतच गळतात. दिवसरात्र चालणाऱ्या सहा मोटरींच्या बिलात हे दिसते.

आता त्या शेडवरच्या चुकीकडे येतो. ते तीन पट्टे जुने नव्हते, हीच त्यातली गंमत. फेब्रुवारीत तिन्ही नवे घातले होते. नवा पट्टा पहिल्या एक-दोन दिवसांत खाचेत बसतो आणि थोडा लांबतो. म्हणून नवा पट्टा घातल्यावर एक-दोन दिवसांनी पुन्हा ताण पाहायचाच असतो. घालणारा माणूस पैसे घेऊन गेला, परत आला नाही, आणि "नवीनच हाय" म्हणून मालकानेही तिकडे पाहिले नाही. जुने तीन पट्टे ठीक होते आणि नव्यांनी दगा दिला.

पट्टा चढवताना मोटरचे बोल्ट सैल करून मोटर पुढे सरकवायची, पट्टा हाताने अलगद खाचेत घालायचा, मग मोटर मागे ओढायची. आपल्याकडे डिसमिसने किंवा पहारीने पट्टा ओढून पुलीच्या काठावरून उडी मारायला लावतात. वरून काही दिसत नाही, पण आत रबरात दोर असतात, पट्ट्याचा सगळा जोर त्यांच्यावर. ते तिथेच तुटतात आणि पट्टा महिन्याभरात उलटा पडतो. एका पुलीवर दोन-तीन पट्टे असतील तर एक तुटला म्हणून एकच बदलू नये, सगळे एकदम बदलावेत. नवा आणि जुना एकत्र जुंपले की आखूड असलेला नवाच सगळे ओझे ओढतो. म्हातारा आणि खोंड एका औताला जुंपल्यावर काय होते ते शेतकऱ्याला सांगायला नको. दुकानात जाताना जुना पट्टा बरोबर न्या. त्यावर 'बी 68' असे काही छापलेले असते. 'बी' म्हणजे जाडी-रुंदीचा प्रकार, वरची रुंदी 17 मिलिमीटर, आणि 68 म्हणजे आतल्या बाजूने इंचांत लांबी. 'ए' त्याहून अरुंद, 13 मिलिमीटरचा. दुकानदार 'ए'च्या जागी 'बी' देऊ लागला तर घेऊ नका.

दोन्ही पुली एका रेषेत आहेत का हे पाहायला कसलेही महागाचे यंत्र लागत नाही, एक सुतळी पुरते. मोठ्या पुलीच्या बाहेरच्या कडेला सुतळी टेकवून ती लहान पुलीपर्यंत ताणून धरायची. दोन्ही पुलींच्या कडांची जाडी सारखी असेल तर सुतळी चार ठिकाणी टेकली पाहिजे. मध्ये फट दिसली तर मोटर तिरकी आहे. पंख्याखाली जमिनीवर काळी भुकटी साचलेली दिसली तर सुतळी न लावताच ओळखा, पट्टा तिरका धावतो आहे आणि ती भुकटी त्याचीच आहे.

बेअरिंगला ग्रीस द्यायचे ते ग्रीस गनचे दोन-तीन दाब, तेही निप्पल पुसून. लग्नाच्या पंगतीतला आग्रह बेअरिंगला सोसत नाही. जास्त भरले की ते आतल्या आत घुसळून तापते आणि सील फोडून बाहेर येते. पुष्कळ शेडच्या पंख्यांची बेअरिंगे बंद असतात, त्यांना ग्रीस द्यायचे नसतेच. ग्रीसही एकाच प्रकारचे ठेवा, दोन जातींचे एकत्र आले की कधी कधी फाटलेल्या दुधासारखे होते.

पात्यांवर धूळ आणि पिसे बसतात. सगळीकडे सारखी बसत नाहीत, मग पंखा थरथरू लागतो, बोल्ट ढिले होतात. कापडाने आणि ब्रशने साफ करावीत. पात्याला एखादी लहानशी पत्र्याची चकती रिव्हेट केलेली दिसली तर ती कचरा समजून काढू नका, पंख्याचा तोल साधायला कारखान्यातच लावलेली असते. बाहेरच्या झडपा हाताने हलवून पाहा. झडप धुळीने अर्धवट अडकली तर उत्तम पंखासुद्धा बंद दारावर डोके आपटत बसतो.

आणखी एक, जे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. डीपीवर किंवा खांबावर काम झाले, दोन फेजांची अदलाबदल झाली, की थ्री फेज मोटर उलटी फिरते. भिंतीतला पंखा उलटा फिरला तर वारा आत येतो, ते लगेच कळते. पण गोगलगायीच्या शंखासारख्या डब्यातला ब्लोअर असतो ना, तो उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर पडते. फक्त फार कमी. हात धरला तर वारा लागतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. अशा ब्लोअरच्या डब्यावर बाण काढलेला असतो. नसेल तर आजच रंगाने काढून ठेवा आणि लाईनचे काम झाले की दिशा पाहा.

फाउंड्रीत तर हे कोंबड्यांवर नाही, माणसांवर येते. साच्याची वाळू फोडताना जी धूळ उडते तिच्यातले सिलिकाचे सर्वांत बारीक कण डोळ्याला दिसत नाहीत आणि नेमके तेच फुप्फुसात खोल जाऊन बसतात. त्यातून होतो तो सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही. ती धूळ ओढणाऱ्या ब्लोअरचा पट्टा घसरला तर कारखान्यात काही थांबत नाही. भट्टी चालू, साचे चालू, ब्लोअरचा आवाजही चालू. कोंबड्या तासाभरात सांगतात. फुप्फुस सांगायला दहा-वीस वर्षे लावते. अशा ठिकाणी काम करणाऱ्या माझ्या भाऊबंदांना एवढेच सांगीन, धूळ ओढणाऱ्या तोंडापाशी टिश्यूच्या कागदाची एक पट्टी टांगा. पट्टी कालच्यासारखी ओढली जात नसेल तर मुकादमाला सांगा, आणि त्याने ऐकले नाही तर त्याच्या वरच्याला सांगा.

त्या शेडवर आता दर सोमवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, एकेक पंखा बंद करून अंगठा लावून पाहतात. नवा पट्टा घातला की त्या पोराची बायको जाळीवर खडूने तारीख लिहिते आणि तिच्याखाली दोन दिवसांनंतरची दुसरी तारीख. दुसरी तारीख खोडली नसेल तर ती नवऱ्याला जेवायला वाढत नाही, असे तो मला हसत हसत सांगत होता. जास्तीचे दोन पट्टे त्यांनी खिळ्याला टांगून उन्हात ठेवले होते. ते तेवढे मी परवा आत कपाटात ठेवायला लावले.